पेट्रोल भरल्यावर बंद पडणारा पिकअप आणि दिवे घाटाच्या पायथ्याचे एक गॅरेज

सासवड परिसरातील अंजीर आणि सीताफळ पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पोहोचवण्याचा आमचा व्यवसाय आहे आणि त्यासाठी २०२१ साली घेतलेला, पेट्रोलवर चालणारा एक छोटा पिकअप आम्ही वापरतो. या वर्षी मार्च आणि एप्रिल हे दोन महिने या गाडीने आम्हाला अक्षरशः हैराण केले. टाकी भरून पंपावरून निघताना सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागे, इंजिन कसेबसे सुरू होई, थरथरे आणि बंद पडे. दहा-पंधरा मिनिटांनी तीच गाडी काहीच झाले नसल्यासारखी चालू लागे आणि पुढचे पाच-सहा दिवस, म्हणजे पुन्हा टाकी भरण्याची वेळ येईपर्यंत, तिच्याबद्दल कसलीही तक्रार नसे. हा दोष शेवटी वडकीजवळच्या, दिवे घाटाच्या पुण्याकडील पायथ्याला असलेल्या एका गॅरेजमध्ये सापडला. त्या गॅरेजच्या निदानसेवेबद्दल सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण दुरुस्ती करणारी गॅरेजे पुष्कळ आहेत, पण दोष शोधण्याचे काम स्वतंत्रपणे, त्याचे स्वतंत्र शुल्क घेऊन आणि पुराव्यासह करणारे गॅरेज या रस्त्यावर मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

आधी काय काय झाले ते सांगणे आवश्यक आहे. पेट्रोल भरल्यानंतर गाडी बंद पडते म्हटल्यावर प्रत्येकाचा संशय पेट्रोलवर जातो आणि आमचाही तसाच गेला. मी पेट्रोल भरण्याचा पंप बदलला, मग पुन्हा बदलला आणि तिसऱ्या ठिकाणी रीतसर तपासणीचा आग्रह धरला. ग्राहकाने मागितल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी करून दाखवावी लागते, पाच लिटरच्या प्रमाणित मापाने पेट्रोल मोजून द्यावे लागते आणि घनताही तपासून दाखवावी लागते, हे अनेक वाहनमालकांना ठाऊक नसते. फिल्टर पेपरवर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला आणि घनता त्या दिवशीच्या नोंदीपासून घनमीटरमागे अधिक-उणे ३ किलो या मर्यादेच्या आतच निघाली. तीन वेगवेगळ्या पंपांवर एकच अनुभव येतो, तेव्हा दोष पंपाचा नसून गाडीचा आहे, हे मी तेव्हाच ओळखायला हवे होते. परंतु इथेनॉलमिश्रित पेट्रोलाविषयी सगळीकडे इतकी चर्चा चालू होती की, त्यात पाणी उतरले असावे, ही शंका मनातून जात नव्हती.

पहिल्या गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ करून स्पार्क प्लग बदलण्यात आले आणि २,२०० रुपये घेण्यात आले. दुसऱ्या गॅरेजमध्ये पेट्रोलचा पंप अशक्त झाल्याचे सांगून टाकीतील पंप आणि फिल्टर असा पूर्ण संच बदलण्यात आला, त्याचे ७,४०० रुपये झाले. दोन्ही ठिकाणच्या कारागिरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी ज्या भागांवर बोट ठेवले ते भाग खरोखरच खराब होतात. परंतु दोघांपैकी कोणीही गाडी बंद पडताना पाहिली नाही. गाडी त्यांच्या दारात गेली तेव्हा टाकी अर्धी होती, इंजिन उत्तम चालत होते आणि अशा चालत्या इंजिनाकडे पाहून त्यांनी अंदाज बांधले. टाकीतील पंप बदलल्यानंतर तीन दिवसांनी मी हडपसरजवळ टाकी भरली आणि गाडी पंपाच्या फाटकातच बंद पडली.

त्यानंतर जे घडले त्याने मात्र मी घाबरलो. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर, दिवे घाट चढताना, एका तीव्र वळणावर एक्सलरेटरवरून पाय उचलताच इंजिन बंद झाले. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारे निर्वाताचे, म्हणजे इंजिनाने हवा ओढल्याने होणाऱ्या पोकळीचे, साहाय्य एक-दोनदा पायडल दाबेपर्यंतच टिकते, त्यानंतर ब्रेक दगडासारखा कठीण होतो, आणि चढावर मागे घसरू पाहणारी गाडी हँडब्रेकवर धरून पुन्हा सुरू करावी लागते. हौद्यात त्या वेळी रिकामी क्रेट होती. भरलेली गाडी असती तर काय झाले असते, हा विचार मी अजूनही करतो. वाचकांपैकी ज्यांच्या गाडीत अशी लक्षणे असतील त्यांनी ‘थोड्या वेळाने आपोआप ठीक होते’ म्हणून हा दोष अंगावर काढू नये, एवढे कळकळीने सांगतो.

वडकीजवळच्या या गॅरेजचे नाव मला एका फूलवाल्या व्यापाऱ्याने सुचवले. पत्र्याची शेड, एक मिस्त्री, त्यांच्या हाताखाली दोन तरुण कारागीर आणि भिंतीवर ‘निदान शुल्क ७०० रुपये, दुरुस्तीचा खर्च वेगळा’ असा फलक, इतकेच तिथे दिसते. गाडीला हात न लावता नुसते दोष शोधण्याचे ७०० रुपये द्यायचे, हे मला पहिल्यांदा खटकले. मी नेहमीच्या सवयीने सांगू लागलो की, बहुधा इथेनॉलमुळे असेल किंवा नव्या पंपातच दोष असेल, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, “दादा, काय बिघडलंय ते तुम्ही सांगू नका. गाडी कधी बंद पडते तेवढं नीट आठवून सांगा.”

पुढची वीस मिनिटे त्यांनी केवळ प्रश्न विचारले आणि उत्तरे वहीत लिहून घेतली. पाच लिटर पेट्रोल घातले तर असे होते का, की टाकी पूर्ण भरल्यावरच होते? सकाळच्या गारव्यात भरले तर काय होते आणि दुपारच्या उन्हात भरले तर काय? सेल्फ मारताना एक्सलरेटर अर्धा दाबून धरला तर गाडी सुरू होते का? टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा किंवा बाहेर पडल्याचा आवाज येतो का? पंपावरचे नोझल टाकी भरण्याआधीच पुन्हा पुन्हा बंद होते का? आणि ज्या प्रश्नाचे महत्त्व मला पुढे समजले तो हा: घाटात गाडी बंद पडली ती जोर लावून चढताना, की वळणावर पाय उचलताना? मी म्हणालो, पाय उचलताना. त्यावर त्यांनी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

त्या रेघेमागचा विचार त्यांनी नंतर उलगडून सांगितला. पेट्रोलचा पंप अशक्त असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडते आणि ही उणीव इंजिनावर जास्तीत जास्त भार असताना, म्हणजे भरल्या गाडीने चढ चढताना जाणवते. आमची गाडी मात्र भाराखाली तक्रार करत नव्हती, ती एक्सलरेटर सोडल्यावर किंवा गाडी उभी असताना मरत होती. एक्सलरेटर सोडल्याने थ्रॉटल बंद असताना इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात सर्वाधिक असतो. तेव्हा जे काही बंद पडण्यास कारण होते ते या निर्वातामुळे आत ओढले जात असले पाहिजे. क्रँकशाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर तापून बिघडला असता तर गाडी पेट्रोल भरल्यावरच बंद पडण्याचे कारण नव्हते. पेट्रोलमध्ये पाणी असते तर इंजिनाचे अडखळणे दहा मिनिटांत थांबले नसते. गाडी सुरू करण्यापूर्वीच त्यांनी अशा रीतीने तीन शक्यता बाजूला काढल्या होत्या आणि त्यासाठी त्यांना आमच्या उत्तरांपलीकडे काहीही लागले नव्हते.

इथेनॉलविषयीची माझी शंकाही त्यांनी झटकून टाकली नाही, तर माझ्यासमोर तपासली. टाकीतून काढलेले पेट्रोल त्यांनी आधी काचेच्या नळकांड्यात स्थिर ठेवले. तळाशी वेगळा थर साचला नाही, म्हणजे मोकळे पाणी नव्हते. मग त्यातील ९० मिलिलिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर पाणी घालून नळकांडे हलवले आणि पुन्हा स्थिर होऊ दिले. इथेनॉल पेट्रोलपेक्षा पाण्याशी अधिक सहज मिसळते, त्यामुळे ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरते आणि तळाचा थर वाढतो. आमच्या नमुन्यात तो १० वरून २८ मिलिलिटरच्या आसपास गेला, म्हणजे ९० मध्ये साधारण १८ मिलिलिटर इथेनॉल, अर्थात वीस टक्के. जे मिश्रण अधिकृतपणे विकले जाते तेच टाकीत होते. ही साधी चाचणी कोणाही वाहनमालकाला मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, करून पाहता येईल.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडी ठीक चालत असताना तिच्यातील दोष शोधता येत नाही, असे सांगून मिस्त्रींनी मला दोन दिवस गाडी चालवून टाकी जवळजवळ रिकामी करून आणायला सांगितली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, मुद्दाम भर उन्हात, ते स्वतः एका कारागिराला घेऊन माझ्याबरोबर पंपावर आले. निघण्यापूर्वी त्यांनी डॅशबोर्डखालच्या जोडणीला स्कॅनर लावून गरम इंजिनाचे आकडे टिपून ठेवले. टाकी भरून झाल्यावर गाडी त्यांनी पंपावर सुरू करू दिली नाही. आम्ही तिघांनी ती ढकलत पंपाच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत नेली आणि मगच आसन उचलून इंजिन उघडे केले. पेट्रोलच्या वाफेशी संबंधित काम पंपाच्या आवारात करायचे नाही, हा नियम ते कोणाच्याही घाईपुढे मोडत नाहीत, असे त्यांच्या कारागिराने मला सांगितले.

स्कॅनरवरचे जे आकडे निर्णायक ठरले ते समजून घेतले तर पुष्कळ पैसे वाचू शकतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आधुनिक इंजिनातील संगणक सायलेन्सरच्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखतो की, जळालेल्या मिश्रणात पेट्रोल जास्त होते की कमी, आणि त्यानुसार इंजेक्टरमधून सोडायचे पेट्रोल सतत वाढवतो किंवा घटवतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. अधिक चिन्ह म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होते म्हणून संगणक ते वाढवत आहे. उणे चिन्ह म्हणजे पेट्रोल जास्त होत होते म्हणून तो ते तोडत आहे. निरोगी गाडीत हा आकडा शून्याच्या अलीकडे-पलीकडे, साधारण पाच टक्क्यांच्या आत फिरतो. आमच्या गाडीत टाकी भरण्यापूर्वीच दीर्घकालीन ट्रिम उणे १२ होता. टाकी भरून इंजिन सुरू करताच तात्कालिक ट्रिम भराभर खाली घसरत उणे २५ वर जाऊन थांबला, ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.८५ वर अडकून राहिला, फेरे मिनिटाला ८५० वरून ४०० वर आले आणि इंजिन बंद पडले.

म्हणजे इंजिन उपाशी राहून मरत नव्हते, अतिखाण्याने गुदमरत होते. या एका उणे चिन्हाने माझ्या आधीच्या सगळ्या खर्चाचा निकाल लावला. पंप अशक्त असता तर ट्रिम अधिक दिसला असता. इथेनॉलचे प्रमाण वाढले असते तरीही तो अधिकच दिसला असता, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो आणि त्याला जळायला हवा कमी लागते. दहा टक्के मिश्रणाऐवजी वीस टक्के मिश्रण वापरले तर संगणकाला पेट्रोल सुमारे चार टक्क्यांनी वाढवावे लागते, घटवावे लागत नाही. हा आकडा पहिल्या गॅरेजमध्ये कोणी पाहिला असता तर पंपाचा विचार कोणाच्या मनातही आला नसता. स्कॅनर त्या गॅरेजमध्येही होता, पण त्यावर केवळ दोषाचा कोड नोंदला आहे का एवढेच पाहिले गेले, आणि कोड नव्हता म्हणून तो बाजूला ठेवला गेला.

मग हे जास्तीचे पेट्रोल येत कुठून होते? टाकीतील पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती सक्रिय कोळशाने भरलेल्या एका डब्यात साठवली जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. इंजिन पुरेसे गरम झाले की संगणक पर्ज व्हॉल्व्ह नावाची छोटी विद्युत-झडप थोडी थोडी उघडतो आणि मॅनिफोल्डमधील निर्वात कॅनिस्टरमधील वाफ ओढून घेतो, म्हणजे ती वाया न जाता जळून जाते. ही झडप वीज नसताना बंद असली पाहिजे. ती उघडी अडकली तर उन्हात भरलेल्या, घुसळलेल्या टाकीतली दाट वाफ इंजिन सुरू होताच हिशेबाबाहेर आत येते. एक्सलरेटर दाबून सेल्फ मारला की गाडी सुरू होई, त्याचेही कारण हेच: थ्रॉटल उघडल्याने जास्त हवा आत येई आणि निर्वात कमी झाल्याने वाफ कमी ओढली जाई.

मिस्त्रींनी हे तोंडी सांगून सोडून दिले नाही. त्यांनी कॅनिस्टरकडून झडपेकडे येणाऱ्या रबरी नळीला चिमटा लावला आणि गाडी सुरू करायला सांगितली. ती लगेच सुरू झाली आणि सहा-सात सेकंदांत फेरे स्थिर झाले. चिमटा काढला, इंजिन पुन्हा थरथरू लागले आणि विझले. चिमटा लावला, चालू राहिले. असे त्यांनी तीन वेळा करून दाखवले आणि तिसऱ्या वेळी चिमटा माझ्या हातात दिला. दोन महिने ज्या दोषाने मला पंपापंपांवर फिरवले, तो मी माझ्या बोटांनी चालू आणि बंद करत होतो, हा अनुभव मी विसरणार नाही. त्यानंतर नळी काढून झडपेच्या तोंडावर अंगठा ठेवायला सांगितला. इंजिन चालू असताना, झडपेची वायर काढलेली असूनही अंगठा आत ओढला जात होता.

इथेच थांबून झडप बदलली असती तरी माझे समाधान झाले असते आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच केले गेले असते. या गॅरेजचे खरे मोल मला पुढच्या टप्प्यात कळले. झडप काढून त्यांनी कॉइलचा रोध मोजला, तो २६ ओहम निघाला, म्हणजे विद्युत भाग व्यवस्थित होता. म्हणूनच संगणकाला झडपेत दोष आहे हे कळले नव्हते आणि कोड नोंदला गेला नव्हता. मग झडप पांढऱ्या कागदावर उलटी करून आपटली, तेव्हा त्यातून काळी भुकटी आणि मोहरीएवढे दोन-तीन कण पडले. तो कॅनिस्टरमधला कोळसा होता. डबा आतून फुटून कोळशाचे कण नळीवाटे झडपेत आले होते आणि त्यांनी तिला मिटू दिले नव्हते. डबा काढून तोलला तेव्हा तो नव्या डब्यापेक्षा स्पष्टपणे जड लागला, आणि हलवल्यावर पेट्रोलचा तीव्र वास आला. वाफ साठवण्याच्या जागेत द्रवरूप पेट्रोल शिरले होते.

त्यांनी मला विचारले, “टाकी भरताना नोझल टक् करून बंद झाल्यावर पुढं काय करता?” मी प्रामाणिकपणे सांगितले की, पंपावरचा मुलगा रक्कम पूर्ण आकड्यावर आणण्यासाठी आणखी दोन-तीनदा नोझल दाबतो आणि मीही त्याला कधी अडवले नाही, उलट गळ्यापर्यंत भर असेच सांगत आलो. पहाटे लिलावाच्या वेळेत पोहोचायचे असते, वाटेत थांबायला नको, म्हणून टाकी काठोकाठ भरण्याची सवय आमच्या सगळ्या चालकांना आहे. नोझल आपोआप बंद होते तेव्हा टाकीत वाफेसाठी आवश्यक ती मोकळी जागा शिल्लक असते. त्यानंतर दाबून भरलेले पेट्रोल ती जागा व्यापते, उन्हाने फुगते आणि वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरते. भिजलेला कोळसा पुढे भुगा होतो. १,७८० च्या ऐवजी १,८०० रुपये करण्याच्या सवयीतून ही साखळी सुरू झाली होती, आणि केवळ झडप बदलली असती तर त्याच डब्यातील भुकटीने नवी झडपही काही आठवड्यांत अडकली असती.

डबा आणि झडप दोन्ही बदलण्यापूर्वी त्यांनी मधली नळी हवेच्या दाबाने उलट दिशेने साफ केली आणि नव्या झडपेला हाताच्या निर्वात पंपाने तपासले. काटा पूर्ण एक मिनिट हलला नाही, तेव्हाच ती बसवली. जुने भाग त्यांनी पिशवीत घालून मला परत दिले. खर्च असा झाला: निदान ७०० रुपये, झडप १,३५०, कॅनिस्टर २,६००, नळी आणि क्लिपा १८०, मजुरी ८००, एकूण ५,६३० रुपये. आधीच्या दोन ठिकाणी मिळून ९,६०० रुपये गेले होते आणि त्यातून बदललेल्या एकाही भागाचा या दोषाशी संबंध नव्हता. ज्या ७०० रुपयांना मी पहिल्या दिवशी नाके मुरडली, ते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत योग्य ठिकाणी खर्च झालेले पैसे होते, असे मी आज म्हणतो.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्याही नोंदवतो. कॅनिस्टर मागवावा लागला आणि तो येण्यास चार दिवस लागले. मीठा बहाराचे, म्हणजे उन्हाळी हंगामाचे, अंजीर तोडणीला आलेले असताना चार दिवस भाड्याची गाडी करावी लागली, आणि अंजिरासारखे फळ एक दिवसही थांबत नाही हे या भागातील कोणालाही सांगावे लागणार नाही. भाग येईपर्यंत नळी बंद करून गाडी वापरता येईल का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी वाफ इंजिनात जळून न जाता हवेत पसरेल म्हणून नकार दिला. तो नकार योग्यच होता, परंतु भाग मिळण्यास लागणारा वेळ त्यांनी आधी एक दिवस सांगितला होता. दुसरी गोष्ट अधिक तांत्रिक आहे. दुरुस्तीनंतर संगणकाने शिकलेली जुनी दुरुस्ती, म्हणजे तो उणे १२ चा दीर्घकालीन ट्रिम, त्यांनी पुसला नाही. जास्तीचे पेट्रोल येणे थांबले तरी संगणक सवयीने पेट्रोल तोडतच राहिला, त्यामुळे पहिल्या दिवशी गाडी उभी असताना किंचित अडखळत होती आणि दोष परत आला की काय, अशी धास्ती मला वाटली. दुसऱ्या दिवशी गेल्यावर त्यांनी स्वतःची चूक लगेच मान्य केली, स्कॅनरने ती नोंद पुसली आणि पैसे घेतले नाहीत. तिसरी बाब म्हणजे निदानाचा अहवाल ते लेखी देत नाहीत. वहीत सगळे आकडे असतात, पण ग्राहकाला हवे असतील तर त्याने स्वतः फोटो काढावा लागतो. इतके काटेकोर काम करणाऱ्यांनी एक साधा छापील कागद द्यायला हवा.

डिझेल पिकअप असणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते, कारण आमच्या भागात तेच अधिक आहेत. डिझेलची वाफ इतकी होत नाही, त्यामुळे त्या गाड्यांत हा कॅनिस्टर आणि ही झडप नसते आणि वरचे निदान त्यांना लागू पडत नाही. डिझेल भरल्यानंतर गाडी बंद पडत असेल तर फिल्टरखालच्या भांड्यात पाणी साचले आहे का, टाकी अगदी रिकामी झाल्याने मार्गात हवा शिरली आहे का, याकडे आधी पाहिले जाते. मी तिथे बसलो असताना अशी एक गाडी आली होती आणि मिस्त्रींनी तिच्या चालकालाही पहिला प्रश्न तोच विचारला: कधी बंद पडते?

दुरुस्तीला आता साडेतीन महिने झाले. या काळात टाकी सोळा वेळा भरली, त्यातील निम्म्या वेळा भर दुपारी, आणि एकदाही सेल्फ दुसऱ्यांदा मारावा लागला नाही. नोझल बंद झाले की तिथेच थांबायचे, असे मी चालकाला आणि पंपावरच्या मुलांनाही सांगून ठेवले आहे; सुटे पैसे आता फोनवरून देता येत असल्याने रक्कम पूर्ण आकड्यात आणण्याची गरजही राहिलेली नाही. तिसऱ्यांदा टाकी भरल्यावर मिस्त्रींनी गाडी पुन्हा बोलावून आकडे पाहिले होते, दोन्ही ट्रिम मिळून उणे २ च्या आसपास होते, आणि ही फेरतपासणी मूळच्या ७०० रुपयांतच धरलेली असते.

ज्यांना तिथे जायचे असेल त्यांनी सकाळी नऊच्या आधी जावे, कारण दिवसाला ते निदानाच्या दोनच गाड्या घेतात आणि फोनवरून लक्षणे ऐकून कोणताही सल्ला देत नाहीत. तुमच्याही गाडीची तक्रार पेट्रोल भरल्यानंतरची असेल तर जाण्यापूर्वी टाकी भरू नका. काटा खाली आलेला असतानाच गाडी न्या, म्हणजे पेट्रोल त्यांच्यासमोर भरता येईल.